फॉक्सप्रो नंतर काय? १९९९ चा एक निर्णय, चार आठवणी आणि एक कागद

प्रोग्रामर लोकांना जुन्या लँग्वेजबद्दल बोलायला सांगा, तासभर थांबत नाहीत. कोण टर्बो पास्कलवर वाढलं, कोण क्लिपरवर, कोणी जावा पहिल्यांदा बघून काय म्हणालं, सगळं पाठ असतं. फक्त एक गोष्ट सहसा कुणालाच धड सांगता येत नाही, ती म्हणजे तुम्ही ती लँग्वेज का घेतली. म्हणजे कारण सांगतात, ठामपणे सांगतात, पण ते कारण बरेचदा नंतर तयार झालेलं असतं. हे प्रकरण त्याच गोष्टीचं आहे, एका फर्मने १९९९ मध्ये जुनं फॉक्सप्रो सोडून व्हीबी, म्हणजे व्हिज्युअल बेसिक, का घेतलं. पुण्यातली एक छोटी सॉफ्टवेअर फर्म, नाव देत नाही, माणसांची पण नावं देत नाही, कामावरून ओळखू. मी तिथे २००३ मध्ये लागले, म्हणजे निर्णय झाला तेव्हा नव्हते, पण त्या निर्णयाचा कोड पुढे बरीच वर्षं मीच सांभाळला. ऑफिस हलवताना एक जुना कागद सापडला आणि त्यामुळे चारही जणांना पुन्हा विचारता आलं.

पार्श्वभूमी

फर्मचा धंदा पतसंस्थांचा. नगर, नाशिक, सातारा ह्या पट्ट्यातल्या नागरी सहकारी पतसंस्था, काही पगारदार संस्था. रोजकीर्द, खतावणी, पिग्मी, मुदत ठेव, कर्ज, शेवटी तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांचा तक्ता, आणि ताळेबंद. सगळं फॉक्सप्रो २.६ ह्या डेटाबेसच्या लँग्वेजमध्ये, डॉसवर, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सिस्टिमवर. काळी स्क्रीन, पिवळी अक्षरं, आणि खरं सांगायचं तर काउंटरवरची बाई त्यावर ज्या वेगाने एन्ट्री मारायची तो वेग नंतरच्या विंडोजवाल्या सॉफ्टवेअरमध्ये कधी आला नाही.

माणसं चार. मालक, ज्यांना सगळे सर म्हणायचे, स्वतः थोडं फॉक्स लिहायचे पण मुख्यतः संस्था फिरायचे. फॉक्सवाले काका, आधी डीबेस थ्री प्लस मग फॉक्सप्रो, व्याजाचा सगळा हिशोब ह्यांच्या डोक्यात. पास्कलवाला, इंजिनियर, टर्बो पास्कलवर जीव, पासबुक प्रिंटिंगची युटिलिटी त्याने टर्बो पास्कल ७ मध्ये लिहिलेली. आणि व्हीबीवाली, क्लासमधून व्हीबी आणि ओरॅकल शिकून नुकतीच लागलेली, वयाने सगळ्यात लहान.

ज्यांनी तो काळ बघितला नाही त्यांच्यासाठी थोडं. बोर्लंड कंपनीने टर्बो पास्कल १९८३ मध्ये पन्नास डॉलरच्या आत आणलं आणि एडिटर आणि कंपायलर, म्हणजे लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्राम बनवणारं सॉफ्टवेअर, एकाच ठिकाणी दिला, तो कंपायलर लिहिणारा आंदेर्स हाइल्सबर्ग. व्हिज्युअल बेसिकचं पहिलं व्हर्जन १९९१ चं. बोर्लंडने त्याला उत्तर म्हणून फेब्रुवारी १९९५ मध्ये डेल्फी काढलं, आत पास्कल, बाहेरून व्हीबीसारखं फॉर्मवर बटणं ओढून टाकायची. फॉक्सप्रो मुळात फॉक्स सॉफ्टवेअरचं, १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती कंपनीच विकत घेतली. जावा १९९६ ला आली. म्हणजे १९९९ च्या सुरुवातीला छोट्या फर्मसमोर ताट भरलेलं होतं, आणि कुठला पदार्थ उद्या नासणार हे कुणाला कळायला मार्ग नव्हता.

अडचण काय झाली

वायटूके, म्हणजे वर्षाचे दोनच आकडे धरल्यामुळे २००० साली तारखा चुकायची भीती, म्हटलं की आता सगळे ३१ डिसेंबरच्या रात्रीबद्दल बोलतात. पतसंस्थांना ती अडचण वर्षभर आधीच आली, कारण मुदत ठेव. जानेवारी १९९९ मध्ये एक वर्षाची ठेव ठेवली की मुदत संपणार २००० मध्ये. फॉक्सप्रोच्या डीबीएफ फाइलमध्ये तारीख चार आकडी वर्षासकटच साठते, तिथे काही प्रॉब्लेम नव्हता. प्रॉब्लेम एन्ट्रीला. सेट सेंच्युरी ही फॉक्सची सेटिंग ऑफ असेल तर स्क्रीनवर दोनच आकडे टाकता येतात आणि ००  टाकलं की फॉक्स ते १९०० समजतं. झालं, ठेव ठेवायच्या नव्व्याण्णव वर्षं आधीच तिची मुदत संपलेली.

उपाय सोपा वाटतो, सेट सेंच्युरी ऑन करा. पण मग तारीख आठ अक्षरांची दहा अक्षरं होते आणि ऐंशी कॉलमच्या डॉस स्क्रीनवर ती दोन अक्षरं शेजारच्या खान्यावर चढतात. काकांनी प्रत्येक स्क्रीन आकडे मोजून मोजून बसवलेली होती. पासबुकच्या ओळीत तर एक अक्षर इकडे तिकडे झालं की शिल्लक छापील रेघेवर जाऊन बसायची.

दुसरी अडचण त्याच सुमारास. एका संस्थेने नवीन पेंटियम टू मशीन घेतलं, त्यावर पासबुकची युटिलिटी चालूच होईना, सुरू करताच रनटाइम एरर २००. हा टर्बो पास्कलचा गाजलेला किस्सा आहे. त्याचं सीआरटी युनिट, म्हणजे स्क्रीन सांभाळणारा तयार कोड, सुरुवातीलाच मोजतं की घड्याळाच्या एका टिकमध्ये लूप किती वेळा फिरतो, आणि त्या आकड्याला ५५ ने भागतं. मशीन फार फास्ट असेल तर उत्तर सोळा बिटांत मावत नाही आणि प्रोग्राम तिथेच आडवा. गिऱ्हाइकाने पैसे खर्च करून चांगलं मशीन घेतलं म्हणून सॉफ्टवेअर बंद पडलं, हे चेअरमनना समजावून सांगणं हा एक वेगळाच कार्यक्रम असणार.

तिसरं म्हणजे संस्थाच विंडोज मागायला लागल्या होत्या. शेजारच्या गावच्या संस्थेत रंगीत स्क्रीन आली, माऊस आला, मग आमच्याकडे का नाही.

पर्याय, कागदावरचे

तो सापडलेला कागद म्हणजे डॉट मॅट्रिक्सच्या कंटिन्युअस स्टेशनरीची पाठकोरी बाजू, कडेच्या भोकांची पट्टी अजून तशीच. पेनाने आखलेला तक्ता, हस्ताक्षरं तीन, मार्च १९९९ ची तारीख. आडवे रकाने असे: शिकायला वेळ, माणसं मिळतात का, पासबुक, मराठी, जुना डेटा, किंमत. उभ्यात पर्याय.

फॉक्सप्रो डॉस तसंच ठेवून दुरुस्त करणं. ह्यापुढे काकांच्या अक्षरात "होईल" एवढंच.

व्हिज्युअल फॉक्सप्रो ६. "डेटा चालेल, व्याज चालेल. पुढे काय?" आणि त्याखाली सरांच्या अक्षरात "फॉक्स संपलं म्हणतात". कोण म्हणतं ते लिहिलेलं नाही.

व्हीबी ६. "माणसं मिळतात" ह्याला दोनदा अधोरेखित केलंय.

डेल्फी ४. "ईएक्सई एकच, फास्ट. माणसं?" प्रश्नचिन्ह मोठं. ईएक्सई म्हणजे थेट चालणारी प्रोग्रामची फाइल.

जावा. "मशीन ३२ एमबी. नको." म्हणजे मशीनची मेमरी तेवढीच.

किंमतीचा रकाना सगळीकडे रिकामा. का, ते त्या काळात छोट्या ऑफिसात काम केलेल्यांना सांगायची गरज नाही.

कागदावर एवढंच आहे. लँग्वेज म्हणून कोण चांगली, टाइप चेकिंग कुणाचं कडक, ऑब्जेक्ट ओरिएंटेड कोण, ह्याबद्दल एक अक्षर नाही. तक्त्याखाली एक ओळ, "एबीसीत डेल्फीची दोन पुस्तकं, व्हीबीची भिंत". अप्पा बळवंत चौकात, म्हणजे पुण्याच्या पुस्तकांच्या बाजारात, जाऊन कुणीतरी बघून आलं होतं, बाजाराचा अंदाज घ्यायची ही पद्धत मला आजही कुठल्याही सर्व्हेपेक्षा बरी वाटते.

आणि आठवणीतले

कागद सापडायच्या आधी, मी सगळ्यांना वेगवेगळं विचारलं होतं की व्हीबी का घेतलं. आणि कागद मिळाल्यावर परत विचारलं. पहिल्या वेळी मिळालेली उत्तरं अशी.

सर म्हणाले, आम्ही पूर्ण अभ्यास करून मायक्रोसॉफ्ट निवडलं, कारण कंपनी टिकणार होती. आता गंमत बघा, व्हिज्युअल फॉक्सप्रो पण मायक्रोसॉफ्टचंच होतं. कंपनी टिकेल हा निकष लावला तर दोन्ही पास व्हायला पाहिजेत.

पास्कलवाला म्हणाला, मी डेल्फीच म्हणत होतो, पण मला पण माहीत होतं की हाइल्सबर्ग बोर्लंड सोडून मायक्रोसॉफ्टला गेलाय, त्यामुळे डेल्फीचं भविष्य नाही हे तेव्हाच दिसत होतं. हाइल्सबर्ग १९९६ ला गेला हे खरं. मायक्रोसॉफ्टने आपली चौतीस माणसं पळवली म्हणून बोर्लंडने १९९७ मध्ये दावा लावला हे पण खरं. पण पुण्यातल्या ह्या ऑफिसात मार्च १९९९ मध्ये ते कुणाला माहीत होतं का? कागदावर काहीच नाही. आणि खोदून विचारल्यावर तोच म्हणाला की हे नाव आपण पहिल्यांदा सी शार्पच्या, म्हणजे हाइल्सबर्गने मायक्रोसॉफ्टला केलेल्या लँग्वेजच्या, बातम्यांमध्ये वाचलं, म्हणजे २००० किंवा नंतर. मग ही माहिती १९९९ च्या आठवणीत शिरली कधी, त्याचं त्यालाच सांगता येईना.

व्हीबीवाली आता बाहेरदेशी मोठ्या कंपनीत आहे, जावावर. ती म्हणाली, मी तेव्हाच जावा म्हणाले होते, मला कोण विचारतंय, सगळ्यात लहान मी. कागदाचा फोटो पाठवला. "मशीन ३२ एमबी. नको." हे तिचंच अक्षर. तिने हसण्याचे खूप इमोजी पाठवले आणि मग लिहिलं, पण बरोबरच होतं ना ते. होतंच. तेव्हाच्या मशीनवर जावाच्या स्विंगची विंडो उघडायला जो वेळ लागायचा त्यात काउंटरवर रांग लागली असती.

काकांना कागद आठवतच नव्हता, तक्ता नाही, मीटिंग नाही. त्यांना फक्त तारखांचा घोळ आठवत होता, तो मात्र तारीखवार.

मला ह्यात कुणी खोटं बोलतंय असं अजिबात वाटत नाही. पुढे काय झालं हे माहीत झालं की आधीचं कारण त्याप्रमाणे सरकतं. व्हीबी पुढे बंद पडलं, म्हणून पास्कलवाल्याला आपण द्रष्टे वाटतो, डेल्फीचं पण फार मोठं झालं नाही म्हणून तो त्यातही द्रष्टा. जावावर पोट भरतंय तर जावा आपलीच कल्पना.

निर्णय कशावर झाला

माझ्या मते त्या दोनदा अधोरेखित केलेल्या दोन शब्दांवर. १९९९ मध्ये प्रत्येक चौकात कॉम्प्युटर क्लास होता आणि प्रत्येक क्लासच्या बोर्डवर व्हीबी होतं. डेल्फी येणारा माणूस पाहिजे असेल तर तो ऑफिसात आधीच एक होता, दुसरा शोधावा लागला असता. सरांच्या जागी कुणीही असतं तर हेच केलं असतं, ह्यात चूक काहीच नाही.

पण एक बाजू कागदावर आलीच नाही. व्हीबीवाली मुलं लवकर मिळतात ती लवकर जातात पण. तो वायटूकेच्या तेजीचा काळ, व्हीबी ओरॅकल येणाऱ्याला मोठ्या कंपन्या आणि अमेरिका दोन्ही दिसत होतं. मी लागले तोवर त्या कोडला बऱ्याच जणांचे हात लागून गेले होते आणि प्रत्येकाने जाताना आपली एक ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट मागे ठेवली होती. एरर आली तरी पुढे चालू राहा असं सांगणारी ती ओळ, पतसंस्थेच्या हिशोबात.

काय केलं

काम दोन बाजूंनी सुरू केलं, आणि हा निर्णय मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. काकांनी जुन्या फॉक्समध्ये तारखा दुरुस्त केल्या, म्हणजे ३१ डिसेंबरची टांगती तलवार नव्या सॉफ्टवेअरवर राहिली नाही. नवीन व्हीबीमध्ये, डेटाला सुरुवातीला एमडीबी, म्हणजे मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसची डेटाबेस फाइल. एक एप्रिलपासून एका संस्थेत दोन्ही शेजारी शेजारी, रोज संध्याकाळी दोन्हीकडची तेरीज काढून जुळवायची.

जुळेना.

पहिला फरक तारखांचा. काही व्याज बरोबर, काही चुकीचं, नियम सापडेना. काकांनीच पकडलं की महिन्याच्या १ ते १२ तारखांचीच खाती चुकतायत, १३ नंतरची सगळी बरोबर. एमडीबीला क्वेरी, म्हणजे डेटा मागायची आज्ञा, देताना दोन हॅशच्या (#) मध्ये तारीख लिहिली की ते इंजिन ती अमेरिकन पद्धतीने, आधी महिना मग दिवस, अशी वाचतं. विंडोजमध्ये भारत सेट केला तरी काही फरक पडत नाही. ०५/०६ म्हणजे पाच जून टाकलं, त्याने सहा मे घेतलं. आणि १३/०६ दिलं तर तेरावा महिना नसतो म्हणून ते आपलं आपणच उलटं करून बरोबर वाचतं, न सांगता. हा जो आगाऊ मदतनीसपणा आहे त्यामुळे चूक लपते, सरळ एरर दिली असती तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.

दुसरा फरक सभासदांच्या जन्मतारखेचा. व्हीबीत दोन आकडी वर्ष टाकलं तर ०० ते २९ म्हणजे २००० नंतरचं, ३० ते ९९ म्हणजे १९०० नंतरचं. १९२५ सालच्या आजोबांचं वर्ष २५ म्हणून टाकलं, ते झाले २०२५ चे. ज्येष्ठ नागरिकाचं जादा व्याज अर्थातच मिळालं नाही, अजून जन्मालाच यायचे होते. वायटूकेच्या भीतीने जुनं सोडलं आणि नव्यात तोच भोवरा दुसरीकडे.

तिसरा फरक रुपयाचा, आणि ह्यानेच सगळ्यात जास्त भांडणं झाली. व्याज जवळच्या रुपयाला पूर्ण करायचं. १२.५० चे फॉक्स १३ करायचं, व्हीबीचं राउंड १२ करायचं. पण १३.५० चे दोघंही १४ करायचे. त्यामुळे पन्नास पैशांची काही खाती जुळत, काही नाही. व्हीबी बरोबर मध्यावरचा आकडा जवळच्या सम संख्येकडे नेतं, त्याला बँकर्स राउंडिंग म्हणतात, आणि मोठ्या बेरजेत झुकतं माप राहू नये म्हणून ते शास्त्रशुद्ध पण आहे. नावात बँकर्स असलं तरी पतसंस्थेच्या ऑडिटरला त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं, त्याला साडेबाराचे तेरा पाहिजे होते. शेवटी अर्धा मिळवून पुढचं कापून टाकायचं असं स्वतःचं फंक्शन लिहिलं.

पासबुकचं वेगळंच झालं. विंडोजच्या ड्रायव्हरमधून डॉट मॅट्रिक्सवर छापलं की अक्षरं चित्र म्हणून जातात, हेड तीन तीनदा फिरतं, एका ओळीला लागणारा वेळ बघून काउंटरवरची माणसं वैतागली. पास्कलवाल्याने त्याची जुनी युटिलिटी डेल्फीत परत लिहिली, सीआरटी नाही काही नाही, एक छोटी ईएक्सई जी टेक्स्ट फाइल वाचते आणि थेट एलपीटी वनला, म्हणजे प्रिंटरच्या पोर्टला, पाठवते, बारीक अक्षरांसाठी आधी एक कंट्रोल कोड. व्हीबीने फक्त तिला हाक मारायची. मराठी नाव फॉन्ट वापरून पहिल्या पानावर एकदा सावकाश छापायचं, आतल्या नोंदी इंग्रजी आकड्यांत झपाझप. तो आजही सांगतो की हे व्हीबीत होणारच नव्हतं. होत होतं, व्हीबीतून एलपीटी वन फाइलसारखं उघडून प्रिंट करता येतं, मी स्वतः नंतर एका रिपोर्टला केलंय. त्याला व्हीबी लिहायचं नव्हतं एवढंच, आणि तेही कारण काही वाईट नाही.

निकाल

३१ डिसेंबर शांततेत गेला. पुढच्या दोनेक वर्षांत बहुतेक संस्था व्हीबीवर आल्या. लाइट गेली की एमडीबी खराब व्हायची, पूर्वी फॉक्सचे इंडेक्स खराब व्हायचे, म्हणजे त्या बाबतीत जैसे थे, मग मोठ्या संस्थांना एसक्यूएल सर्व्हर हा मोठा डेटाबेस दिला.

आणि मग फेब्रुवारी २००२ मध्ये व्हीबी डॉट नेट आलं. नाव तेच, आत सगळं वेगळं. जुना प्रोजेक्ट नव्यात नेणारा विझार्ड सोबत होता, तो चालवून बघितलेल्यांना त्याचा चुकांच्या यादीचा रिपोर्ट आठवत असेल. व्हीबी ६ चा मुख्य सपोर्ट मार्च २००५ ला थांबला, तेव्हा जगभरच्या व्हीबीवाल्यांनी मायक्रोसॉफ्टला विनंतीपत्र दिलं, उपयोग झाला नाही. २००८ ला उरलेला सपोर्ट पण गेला.

आता कागदावरची ती ओळ परत वाचा, "फॉक्स संपलं म्हणतात". व्हीबी ६ आलं १९९८ मध्ये आणि तेच शेवटचं निघालं, म्हणजे मार्च १९९९ मध्ये तक्ता आखताना ज्याला हे जिवंत समजत होते त्याचं शेवटचं व्हर्जन आधीच बाजारात होतं. आणि ज्याला संपलं म्हणाले त्या व्हिज्युअल फॉक्सप्रोची नवीन व्हर्जन्स २००४ पर्यंत येत राहिली, पुढची काढणार नाही हे मायक्रोसॉफ्टने २००७ मध्ये सांगितलं. शिवाय तिथे राउंड तसंच चाललं असतं, डेटा तोच, काकांचा व्याजाचा कोड बराचसा तोच. हे मी सरांना सांगितलं तर ते म्हणाले, पण फॉक्स तर बंदच झालं होतं ना तेव्हा. कागदाच्या शेजारी बसून म्हणाले.

फर्म व्हीबी ६ वरच राहिली. विंडोज बदललं की ओसीएक्स, म्हणजे व्हीबीला लागणाऱ्या जोडफाइल्स, परत रजिस्टर करा, चौसष्ट बिटचं मशीन असेल तर दुसऱ्या फोल्डरमधून करा, हे आमचं वर्षानुवर्षं चाललं. डेल्फीच्या त्या छोट्या ईएक्सईला मात्र कधी हात लावावा लागला नाही. यूएसबी प्रिंटर आले तेव्हा प्रिंटर शेअर करून एका कमांडने तो एलपीटी वन आहे असं विंडोजला भासवलं, ईएक्सईला पत्ताच नाही. ह्यावरून पास्कलवाला म्हणतो बघा, सगळं डेल्फीत केलं असतं तर. हे मला पटत नाही. ती टिकली कारण ती लहान होती, एकच काम करत होती आणि तिला डेटाबेस लागत नव्हता. सगळं सॉफ्टवेअर डेल्फी ४ मध्ये असतं तर सोबत बोर्लंडचं डेटाबेस इंजिन प्रत्येक मशीनवर चढवत बसलो असतो आणि तेही पुढे मागे पडलंच.

कुठे वेगळं करता आलं असतं

माणसं मिळतात म्हणून व्हीबी घेणं मी आजही चुकीचं म्हणणार नाही. पण निवडताना प्रत्येक पर्यायात काय करून बघितलं हे विचारलं तेव्हा कळलं की लॉगिनची स्क्रीन आणि एक ग्रिड. ह्या धंद्यात घोडं पेंड खातं ते व्याज, तारीख आणि पासबुक इथे, आणि त्यातलं काहीच डेमोत नव्हतं. प्रत्येक लँग्वेजमध्ये एका दिवसाची दिवसअखेर आणि पासबुकचं एक पान एवढं करायला लावलं असतं, तर जून महिन्यात कळलेलं सगळं मार्चमध्ये कळलं असतं. व्हिज्युअल फॉक्सप्रो कुणी इन्स्टॉल सुद्धा करून बघितलं नाही, "म्हणतात" वर कटलं.

दुसरं, आणि हे जास्त महागात पडलं. व्याजाचा हिशोब बटणाच्या क्लिकमध्ये लिहिलेला होता. कमांड ३ क्लिक उघडलं की त्यात स्क्रीन, क्वेरी, व्याज, प्रिंट, सगळं एका पाठोपाठ. व्हीबीने तसं करायला भाग पाडलं असं नाही, पण ते इतकं सोपं केलं होतं की वेगळं मॉड्यूल काढायचं कुणाला सुचलं नाही, आणि घाई होतीच. २००२ मध्ये बाहेर पडायचं दार ह्यामुळेच बंद झालं. काकांच्या फॉक्सच्या कोडमध्ये, जो नवीन मुलं जुनाट म्हणून हसायची, व्याजाच्या पीआरजी फाइल्स स्वतंत्र होत्या.

तारखांचं तर साधं होतं, क्वेरीत जाणारी प्रत्येक तारीख एकाच फंक्शनमधून वर्षासकट पूर्ण लिहून पाठवायची आणि वर्ष चार आकडी घेतल्याशिवाय पुढे जाऊ द्यायचं नाही. हे पुढे केलं, पण तोपर्यंत क्वेऱ्या शेकड्यांनी होत्या.

राउंडिंगचा विषय मात्र अजून मिटलेला नाही. पास्कलवाल्याचं पक्कं मत आहे की व्हीबीला साधे साडेबाराचे तेरा करता येत नव्हते, डेल्फी घेतलं असतं तर तेरीज पहिल्याच दिवशी जुळली असती. डेल्फीचं फुकट मिळणारं व्हर्जन आता आहे, ते टाकलं, एका ओळीचा प्रोग्राम लिहिला, राउंड १२.५, आणि त्याच्यासमोर चालवला. उत्तर १२. डेल्फीचं राउंड पण मध्यावर सम संख्येकडेच जातं, तेव्हाही तसंच होतं. तो स्क्रीनकडे बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, हे नवीन व्हर्जन आहे, चारमध्ये असं नव्हतं. आता चारची सीडी शोधतोय.